दाताचे मूळ आणि लिंबाचे सत्त्व

दातदुखीने बेजार झालेल्या माणसाने संत अपोलोनियाचा धावा करावा, ही आपल्या ख्रिस्तसभेतील फार जुनी परंपरा. इ. स. २४९ च्या सुमारास आलेक्झांड्रिया नगरीत ख्रिस्ती लोकांवर हल्ला झाला, त्यात या वयोवृद्ध कुमारिकेच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडण्यात आले. श्रद्धा सोडण्यापेक्षा तिने अग्नीत उडी घेणे पसंत केले. जुन्या चित्रांतून ती हातात चिमटा आणि त्या चिमट्यात दात धरून उभी असलेली दिसते. ९ फेब्रुवारी हा तिचा सण. किडलेली दाढ ठणकू लागली की रात्री-अपरात्री तिचे नाव ओठांवर येते. मात्र ज्या आजाराने आमच्या घरातील दोन पिढ्यांचे दात नेले, त्यासाठी तिच्याकडे कोणी गाऱ्हाणे घातल्याचे आम्हांस स्मरत नाही. कारण तो आजार बहुधा दुखतच नाही.

लोक त्याला पायोरिया म्हणतात. आमच्या आईचे दात किडले नव्हते. ती मशेरी लावीत असे. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड त्या काळी गावातील कितीतरी बायकांच्या फडताळात एखाद्या डबीत असायचीच. पन्नाशीच्या आसपास आईच्या हिरड्या मागे हटल्या, समोरचे दात लांब दिसू लागले आणि मग हलू लागले. एके दिवशी भाकरी खाताना खालचा एक दात हातात आला. मशेरीने काळवंडलेला, परंतु कोठेही भोक नसलेला, मुळासकट अखंड दात! "वय झाले की दात जायचेच," असे म्हणून, लहान मुलांचा दुधाचा दात टाकतात तसा तिने तो कौलांवर भिरकावला आणि हसली. मुलांचा दात पुन्हा येतो. आपला येणार नाही, हे तिलाही ठाऊक होते.

गेलेले परत आणता येते काय, हा प्रश्न आमच्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो आमच्या एकसष्टाव्या वर्षी. आमची एक खालची दाढ आणि आमच्या धाकट्या बहिणीचे समोरचे चार दात एकाच वर्षी हलू लागले. बहिणीने शहरातील एका दवाखान्यात दाखवले. तेथून ती एक कागद घेऊन आली. त्यावर हिरड्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च लिहिला होता आणि त्याखाली 'मुळांवर रासायनिक प्रक्रिया' अशी वेगळी ओळ, वेगळ्या रकमेसह. ही प्रक्रिया केली की झिजलेले हाड आणि हिरडी पुन्हा पूर्वीसारखी भरून येईल, असे तिला सांगण्यात आले होते. तिच्याजवळ तेवढे पैसे नव्हते. आईच्या पाटल्या मोडाव्यात, असा विचार तिने आम्हांस बोलून दाखवला.

पाटल्या मोडण्यापूर्वी आणखी एकाचे मत घ्यावे म्हणून आम्ही दोघे भावंडे गावातच दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. ही मुलगी पूर्वी आमच्या वर्गात होती. तिने त्या कागदाला नावे ठेवली नाहीत. खुर्चीशेजारचा दिवा मालवला, क्ष-किरणाची दोन छायाचित्रे उजेडावर धरली आणि आम्ही तिला जसे कधीकाळी शिकवले असेल तसे ती आम्हांला शिकवू लागली. पुढे आम्ही मिळेल ते वाचत गेलो. त्या दोन्हींतून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण असा कागद उद्या आपल्यापैकी कोणाच्याही हाती पडू शकतो.

दात हा भिंतीत खुंटी ठोकावी तसा जबड्याच्या हाडात ठोकलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो झोपाळ्यासारखा टांगलेला असतो. मुळाभोवती सिमेंटम नावाचा एक पातळ, हाडासारखा थर असतो. हा थर आणि जबड्याचे हाड यांच्या मधल्या जागेची रुंदी मिलिमीटरचा जेमतेम पाव भाग. तेवढ्या फटीत हजारो बारीक तंतू असतात. त्यांचे एक टोक सिमेंटममध्ये आणि दुसरे हाडात रुतलेले असते. या रुतलेल्या टोकांना विल्यम शार्पी या एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. आपण सुपारी फोडतो, चिंबोरीची नांगी फोडतो, तेव्हा तो सारा दाब हे तंतू झेलतात.

या तंतूंचा नाश सुरू होतो तो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे. १९६५ साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्याभरात सूज उतरली. येथवर सारे परत मिळते. परंतु तो थर तसाच राहिला की त्याचे दगडासारखे किटण बनते, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये एक खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत दंतवैद्याची मापनसळई १ ते ३ मिलिमीटर आत जाते. आमच्या दाढेपाशी ती ७ मिलिमीटर गेली. तेवढे तंतू तुटले होते आणि त्यांच्यामागचे हाड झिजले होते.

हे ऐकून आमची बहीण खाली मान घालून बसली. ती रोज दोन वेळा दात घासणारी बाई. डॉक्टर मुलीने ते ओळखले आणि श्रीलंकेतील एक अभ्यास सांगितला. तेथील चहामळ्यांत दात घासण्याची रीत नसलेल्या ४८० मजुरांची १९७० साली नोंद घेऊन पुढे पंधरा वर्षे त्यांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. किटण सर्वांच्याच दातांवर होते. "मावशी, शरीराशरीरात फरक असतो," ती म्हणाली. "तंबाखू आणि मधुमेह यांनी आजार बळावतो, हे खरे. पण दात हलले म्हणून तुम्ही अस्वच्छ होतात, असे कोणी म्हणू नये." बहिणीने मान वर केली.

आता त्या कागदावरील रसायनाकडे वळू.

खिसा साफ करून मुळावरचे किटण खरवडले, म्हणजे तुटलेले तंतू आपोआप पुन्हा जोडले जातील, असे आपणांस वाटते. तसे होत नाही. जखम भरताना हिरडीच्या वरच्या त्वचेच्या पेशी सर्वांत वेगाने धावतात. त्या मुळाच्या कडेने खाली उतरतात आणि मुळाला चिकटून बसतात. खिसा मिटतो, रक्त थांबते, दात टिकूही शकतो. परंतु हा जोड नुसता चिकटलेला असतो, त्यात रुतलेले तंतू नसतात. पूर्वीचा झोपाळा परत बांधला जात नाही.

याचे एक कारण मुळाच्या पृष्ठभागात असावे, अशी शंका दंतवैद्यांना फार पूर्वीपासून होती. जंतूंचे विष त्या पृष्ठभागावर राहते, आणि हत्याराने खरवडल्यावर चुऱ्याचा एक बारीक लेप वर बसतो. १८८० आणि १८९० च्या दशकांतही अमेरिकेतील काही दंतवैद्य मुळांना आम्ल लावीत असत. पुढे ती रीत मागे पडली. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी दाखवून दिले की हाडातील खनिज आम्लाने काढून टाकून उरलेला सांगाडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर तेथे नवे हाड तयार होते. मग दाताच्या मुळाचे वरवरचे खनिज काढले तर त्यावर नवे सिमेंटम का तयार होऊ नये? रेजिस्टर आणि बर्डिक या दोघांनी निरनिराळी आम्ले प्राण्यांच्या दातांवर लावून पाहिली आणि १९७५ साली निष्कर्ष मांडला की सायट्रिक आम्ल, सामू १ इतके तीव्र, दोन ते तीन मिनिटे लावावे.

सायट्रिक आम्ल म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील लिंबाचे सत्त्व. लिंबाचा रस शहाबादी फरशीवर सांडून राहिला तर तेथे फिकट डाग पडतो, कारण आम्ल दगडातील चुना खाते. मुळावर तेच घडते. चुऱ्याचा लेप निघून जातो, वरच्या थरातील खनिज विरघळते, आणि दाताच्या आत गुंफलेले कोलॅजेनचे तंतू उघडे पडतात. जखमेत रक्त गोठते तेव्हा त्याचे बारीक धागे या उघड्या तंतूंत अडकतात. गोठलेले रक्त मुळाला घट्ट धरून राहिले तर वरून उतरणाऱ्या त्वचेच्या पेशींची वाट अडते, आणि मागाहून येणाऱ्या सावकाश पेशींना नवे तंतू विणण्यास अवधी मिळतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी पोलसन आणि प्रॉय यांनी माकडांवरील प्रयोगांत हा दुवा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. एवढी सुबक उपपत्ती हाती आल्यावर जगभरच्या दंतवैद्यांनी ती उत्साहाने उचलली, यात नवल नाही.

सायट्रिक आम्लाचा एक दोष होता. इतके तीव्र आम्ल शेजारच्या जिवंत पेशींनाही इजा करते. मग टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा द्राव आला. तोही आम्लधर्मी. शिवाय ते औषध मुळाला धरून राहते, हळूहळू सुटते आणि कोलॅजेन तोडणाऱ्या द्रव्याला आळा घालते. पुढे १९९० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी ईडीटीए नावाचे रसायन पुढे आणले. ते आम्लासारखे जाळत नाही. कॅल्शियमला धरून बाहेर काढते आणि सामू उदासीन असल्याने शेजारच्या पेशी वाचतात. त्याची २४ टक्क्यांची जेली मुळावर दोन मिनिटे लावण्याची पद्धत रूढ झाली.

आता मुख्य प्रश्न राहिला. या साऱ्याने रुग्णाचा दात अधिक घट्ट झाला काय?

२००३ साली अँजेलो मारिओटी यांनी माणसांवर झालेल्या चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला. सायट्रिक आम्ल, टेट्रासायक्लिन, ईडीटीए, तिन्हींचा. प्राण्यांमध्ये आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही ठिकाणी नवे तंतू जुळल्याच्या खुणा होत्या. परंतु रुग्णाच्या तोंडात मापनसळई घालून मोजले असता, मुळाला रसायन लावलेल्या आणि न लावलेल्या दातांत उपयोगी ठरावा असा फरक आढळला नाही. जे पंचवीसेक वर्षे आवडीने केले, शिकवले, ते दंतवैद्यांनी स्वतःच मोजून पाहिले आणि हाती फारसे काही लागले नाही असे छापून सांगितले. त्या निष्कर्षाबद्दल कोणी ढोल वाजवले नसतील, पण आमच्या बहिणीच्या पाटल्या ज्याने वाचवल्या तो हा निष्कर्ष होय.

असे का झाले असावे, याचे उत्तर आम्हांस दुसऱ्या एका धाग्यात सापडते. १९७६ साली मेल्चर यांनी असे मांडले की जखमेत कोणत्या पेशी प्रथम पोहोचतात यावर तेथे काय उगवेल हे ठरते. नवा झोपाळा बांधू शकतात त्या केवळ मुळाभोवतीच्या तंतुमय थरातून येणाऱ्या पेशी. १९८२ साली नीमान, लिंडे, कॅरिंग आणि सहकाऱ्यांनी एका माणसाच्या दाताभोवती हिरडीखाली पातळ पडदा ठेवला, त्वचेच्या पेशींना बाहेर रोखले, आणि आत खरोखर नवे सिमेंटम व तंतू तयार झाले. आम्लाने जमीन नांगरली होती, एवढेच. बी कोठून येणार, आणि ते रुजेपर्यंत गुरांना बाहेर कोण ठेवणार, ही दोन्ही कामे त्याच्या आवाक्यातील नव्हती.

त्यानंतरचे एक औषध मात्र काही अंशी टिकले आहे. दात तयार होताना मुळावर सिमेंटम घडवण्यात एनॅमलच्या प्रथिनांचा सहभाग असतो, असा विचार स्वीडनमधील लार्स हामारस्ट्रोम यांनी मांडला. डुकराच्या पिलांच्या उगवत्या दातांतून काढलेल्या या प्रथिनांचे एमडोगेन नावाचे औषध १९९० च्या दशकात बाजारात आले. ते लावण्यापूर्वी ईडीटीएने मूळ स्वच्छ करतात, म्हणजे ते जुने रसायन आज बहुधा पूर्वतयारीचे काम करते. २००९ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात, खोल खड्ड्यांच्या जागी या औषधाने नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा सरासरी १ मिलिमीटरच्या आसपास अधिक जोड मिळतो, असे दिसले. त्याच आढाव्याने हा आकडा वाढीव असण्याची शक्यताही नोंदवली, आणि त्यामुळे अधिक दात वाचतात असा पुरावा मिळाला नाही. औषध डुकराचे आहे हे रुग्णाला आधी सांगायला हवे. लग्नाच्या पंगतीत डुकराचे मटण आवडीने वाढणाऱ्या आमच्या घरी त्याचे काही वाटले नाही, पण सर्वांचेच तसे नसते.

"सर," डॉक्टर मुलीने आम्हांला विचारले, "विहीर पडली आणि तिचे कठडे तीन बाजूंनी शाबूत असले, तर आत भराव टिकेल. पण कठडेच नसले तर?" आमच्या दाढेशेजारचे हाड एका कडेला खोल खड्ड्यासारखे झिजले होते, भिंती उभ्या होत्या. बहिणीच्या समोरच्या दातांभोवतीचे हाड मात्र सगळीकडून सारखेच खाली गेले होते. तेथे आम्ल, जेली किंवा डुकराचे प्रथिन, काही टाकले तरी ते धरून ठेवणारे काही उरले नव्हते. युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही अशी पुनर्निर्मितीची शस्त्रक्रिया सुचवली आहे ती ३ मिलिमीटर किंवा अधिक खोल खड्डे असलेल्या दातांसाठी, आणि तीही आधी नीट सफाई करूनही खोल खिसा उरला तर.

बहिणीला हे सांगताना ती मुलगी क्षणभर थांबली. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, गेलेले हाड मी परत आणू शकत नाही. जे उरले आहे ते टिकवण्यासाठी मात्र बरेच काही करता येईल." बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. आशा लावून घरी पाठवणे सोपे होते आणि त्यात पैसेही होते. खरे सांगणारा माणूस समोरच्याचे रडणेही पत्करतो, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

बहिणीचे दोन दात काढावे लागले. उरलेले दोन शेजारच्या दातांना आतून बांधले. मुळे खोलवर साफ केली. दर तीन महिन्यांनी ती सफाईला जाते, आणि दातांच्या फटींतून फिरवायचा बारीक ब्रश रोज रात्री, रोझरीच्या प्रार्थनेनंतर, न चुकता फिरवते. तिच्या हिरड्यांतून रक्त येणे थांबले आहे. पाटल्या घरात आहेत. आमच्या दाढेचा खिसा नुसत्या सफाईने ७ वरून ५ मिलिमीटरवर आला. खड्डा खोल होता म्हणून पुढे शस्त्रक्रिया करून प्रथिनाचे औषध घातले. वर्षानंतर सळई ४ मिलिमीटरवर थांबली. त्या एका मिलिमीटरपैकी औषधाचे किती, शस्त्रक्रियेचे किती आणि घासण्याचे किती, हे कोणालाही वेगळे काढून दाखवता येणार नाही. आत नवे तंतू रुतले आहेत की नुसतीच त्वचा चिकटली आहे, हेही दात उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय कळायचे नाही, आणि तेवढे कुतूहल आम्हांस नाही.

वाचकहो, घासताना ब्रशवर रक्त दिसले तर ते उष्णतेचे म्हणून सोडून देऊ नका. घरातील वडीलधाऱ्यांचे दात लांब दिसू लागले, फटी वाढल्या, तोंडाला वास येऊ लागला, तर दात हलेपर्यंत थांबू नका. घरात कोणी मशेरी लावीत असेल, तर तिला न रागावता, जवळ बसून ती सोडवा. आणि कोणी तुमच्या हाती महागड्या उपचाराचा कागद दिलाच, तर तीन गोष्टी नम्रपणे विचारा: माझ्या दाताभोवतीचे हाड कोणत्या प्रकारे झिजले आहे, आधी साधी सफाई करून काही आठवडे वाट पाहिली काय, आणि ही प्रक्रिया न करता तेच केले तर फरक किती पडेल? चांगल्या दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही. आमच्या डॉक्टर मुलीला तर आनंद झाला. ती म्हणाली, "सर, वर्गात तुम्ही आम्हांला हेच सांगायचात, उत्तरापाशी कसे पोहोचलात ते दाखवा म्हणून."